ओकबुनची बरगडी

ओकबुनचा दिवस पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी सुरू व्हायचा. गजराची गरज नव्हती. झोपेत तोंड उघडं राहायचं, घसा वाळायचा आणि त्या कोरडेपणाने तिला जाग यायची. नाक होतं, पण श्वास घ्यायला त्याचा फारसा उपयोग नव्हता.

पाचला आम्ही दोघी शिन्सा भागातल्या एका सार्वजनिक न्हाणीघरात कामावर हजर असायचो. न्हाणीघर तळघरात. वरच्या चार मजल्यांपैकी तीन मजल्यांवर नाका-डोळ्यांचे दवाखाने. बायकांच्या बाजूला रेक्झिनचे दोन बाक होते, एक तिचा आणि एक माझा. आम्ही अंगं घासायचो. मी सव्वीस वर्षं घासली, तिने तेव्हा एकोणीस वर्षं घासली होती.

गिऱ्हाईक आधी अर्धा तास गरम पाण्यात बसतं. चामडी भिजली की बाकावर येऊन पडतं. आपण हातात हिरवा खरखरीत मोजा चढवायचा आणि मानेपासून टाचेपर्यंत घासायचं. उताणं, एक कूस, पालथं, दुसरी कूस. कूस बदलायची झाली की अंगावर दोन चापट्या मारायच्या, बोलावं लागत नाही. एका अंगाला पंचवीस मिनिटं, साधारण नऊशे हात. वीस मिनिटांत उरकणाऱ्या बायका आहेत. उरकणं वेगळं आणि घासणं वेगळं. दिवसाला दहा अंगं, शनिवारी चौदा. हा जोर बोटांतून येत नाही. तो खांद्यातून येतो, खांदा छातीवर टेकलेला असतो आणि छाती बरगड्यांवर. संध्याकाळी दुखतात त्या बरगड्या.

म्हणून डॉक्टरने तिच्या बरगडीचा तुकडा मागितला, तेव्हा ती घाबरली.

नाकाची गोष्ट जुनी होती. ओकबुन एकवीस वर्षांची असताना गुरोच्या शिवणकारखान्यात होती. मुलींच्या वसतिगृहात एक बाई पिशवीत सुया घेऊन यायची. एका रविवारी तिने ओकबुनच्या खोलीतल्या आठही मुलींची नाकं उंच करून दिली. सुईत काय होतं ते कोणी विचारलं नाही. दहा वर्षांनी ओकबुनचं नाक कडक झालं, मग लाल. एका दवाखान्याने ते काढून सिलिकॉन घातलं. त्यात पू झाला. सिलिकॉन काढलं, कानामागची कूर्चा काढून घातली, तीही विरघळली. मग आतलं सगळं आकसलं. शेंडा वर ओढला गेला, नाकपुड्या समोरून दिसायला लागल्या आणि उजवी जवळजवळ बंद झाली. रस्त्यात मास्क लावता येतो. आमच्या कामात अंगावर दोन काळी अंतर्वस्त्रं आणि हातात मोजा, तोंडावर काही नाही.

"श्वासासाठी करते आहेस ना?" मी एकदा विचारलं.

"श्वासासाठी, असं डॉक्टरला सांगते," ती म्हणाली. "तुला खरं सांगते, ताई. मला नाक पाहिजे. लोक आधी नाकाकडे बघतात, मग डोळ्यांकडे. ते मला उलटं करून पाहिजे."

दोन वर्षांची कमाई तिने यासाठी बाजूला ठेवली होती. वरच्याच एका मजल्यावर जाऊन आली आणि जेवायच्या सुट्टीत, समुद्रशेवाळाचं सूप पुढ्यात घेऊन, तिने मला सगळं सांगितलं.

"कानात आता काही उरलं नाही म्हणे. बरगडीच्या टोकाला कुरकुरीत हाड असतं, ते काढून नाकात बसवणार. मी विचारलं, काम कधी करता येईल? म्हणतो, दोन आठवड्यांत हलकं काम, सहा आठवड्यांत सगळं. म्हटलं, सगळं म्हणजे काय? म्हणतो, व्यायाम, गोल्फ."

"मग? खेळ की गोल्फ."

"हसू नकोस, ताई. त्याला माझं काम सांगितलं तर म्हणाला, हो हो, हरकत नाही. अंग घासून घेतल्याचं त्याला माहीत असेल. घासल्याचं कुठून माहीत असणार?"

तिला नवं नाक हवं होतं आणि बाकही हवा होता. बरगडी कापल्यावर जोर गेला, तर नाक घेऊन बसायचं कुठे, हा तिचा प्रश्न. वय सत्तेचाळीस. दुसरं काम तिला येत नव्हतं, म्हणजे येत होतं, पण शिवणकामाला परत जाणार नाही असं ती मला पहिल्याच वर्षी म्हणाली होती.

गिऱ्हाइकाच्या अंगावर काय दिसलं त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, ही आमच्या धंद्यातली पहिली शिस्त. पण बघायला बंदी नाही. आमच्या गल्लीत राहणाऱ्या आणि काम करणाऱ्या पोरींच्या अंगावर ती खूण आम्ही कितीदा बघितली होती. छातीखालच्या घडीत एक आडवी रेघ, दोन बोटांएवढी, कधी तीन. ओकबुन आता त्या रेघा लक्षात ठेवायला लागली. आठ महिन्यांत अकरा बायका. कोणाचा नंबर नाही, नाव नाही, फक्त अंग. जाकीटवाली आणि लाल नखवाली अशी तिने त्यांना नावं ठेवली होती.

"जाकीटवालीची रेघ जाड झाली आहे, दोरीसारखी," ती मला सांगायची. "लाल नखवालीला तिथे खड्डा आहे, अंगठा बसेल एवढा. पालथी झाली की दम रोखते. आणि ती उंच पोरगी, तिची रेघ सुंदर आहे, पण नाक डावीकडे चाललंय. मागच्या वर्षी सरळ होतं."

"हाड वाकतं काय?"

"वाकत असणार. डोळ्यांनी बघितलं ना मी."

वरच्या दवाखान्याच्या भिंतीवर फक्त नाकांचे फोटो होते. छातीचा एकही नव्हता. ओकबुनला उलटं पाहिजे होतं. ज्याने सगळ्यात नीट बरगडी कापली, त्याच्याकडून नाक करून घ्यायचं. आणि ते विचारल्याशिवाय कळणार नव्हतं.

तिने विचारलं. नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी, लाल नखवालीला, पालथी असताना, अगदी हळू आवाजात. "माफ करा, हे कोणी केलं? अजून दुखतं का?"

पोरगी उठून बसली, टॉवेल ओढला आणि ओल्या पायांनी थेट काउंटरवर गेली. पाच मिनिटांत आमच्या मालकीणबाई आत आल्या. चपलांसकट. त्या आत कधी येत नसत.

"अंगं घासायला ठेवलंय तुला, बरगड्या मोजायला नाही!"

"चुकलं, मालकीणबाई."

"चुकलं म्हणे. या पोरी इथे कपडे उतरवतात ते कशाच्या भरवशावर? आणखी एक तक्रार आली की बाक दुसरीला. इंचनहून दोघी विचारून गेल्यात."

ओकबुन मान खाली घालून उभी होती. मालकीणबाई गेल्या. न्हाणीघरात सगळं घुमतं, त्यामुळे सगळ्यांनी सगळं ऐकलं होतं. गरम टाकीतून एक रुंद खांद्यांची बाई हात वर करून म्हणाली, "मावशी, इकडे या. मला विचारा."

तिचं नाव दासोम. पोहणं शिकवायची, एकतीस वर्षांची. घासून घ्यायला कधी यायची नाही, नुसती भिजायला यायची, म्हणून ती आमच्या अकरात नव्हती. ती पाण्यातून उठली आणि उजवा हात वर केला. घडीत एक पांढरी बारीक रेघ होती. शोधावी लागत होती.

"विचारू ना?" ओकबुनने दाराकडे बघत विचारलं.

"मीच सांगते. म्हणजे तुम्ही विचारलंच नाही." दासोम बाकाच्या कडेवर बसली. "पहिले दहा दिवस हसायचं नाही, खोकायचं नाही. खोकला आलाच तर उशी दाबून धरायची. उठताना आधी कुशीवर वळायचं, मग हाताने ढकलायचं. तीन आठवडे हात डोक्याच्या वर जात नव्हता. तीन महिन्यांनी पोहायला लागले. आता चार वर्षं झाली. थंडीत त्या कुशीवर झोपले की चिमटा बसतो. बस."

"जोर?"

"दोन्ही हातांनी पाणी मागे ढकलत पोहते मी. येतो जोर. पण सहा आठवड्यांत येतो असं सांगणाऱ्याच्या थोबाडीत मारा."

"आणि नाक?"

दासोमने स्वतःच्या नाकाचा शेंडा बोटाने दाबला. तो दबला नाही. "हे असं. पूर्वी डुकरासारखं करून भाच्यांना हसवायचे. आता होत नाही. थंडीत दगड होतो. पण सरळ आहे."

डॉक्टरचं नाव तिने निघताना कागदावर लिहून, भिजू नये म्हणून साबणाच्या कोरड्या डबीत घालून दिलं. डॉक्टर प्यो. शिन्सात नव्हे, नदीपलीकडे, एका जुन्या इमारतीत.

मी ओकबुनबरोबर गेले. डॉक्टर प्यो ठेंगणे, साठीकडे झुकलेले, चष्मा दोरीने गळ्यात. त्यांनी नाक आतून-बाहेरून दहा मिनिटं बघितलं. मग म्हणाले, "मोठं नाक मिळणार नाही. चामडी उरलेली नाही."

"मोठं मागितलंय कोणी? पाऊस आत जाणार नाही एवढं करून द्या."

डॉक्टर हसले. मग कामाचं विचारलं. ओकबुनने जाकीट काढलं, त्यांच्या टेबलाच्या कडेला उभी राहिली, त्यांचा हात धरून स्वतःच्या उजव्या बरगडीवर ठेवला आणि टेबलावर घासायचा हात मारला. टेबल चार बोटं सरकलं, वरच्या संगणकासकट.

"नऊशे," ती म्हणाली. "एका अंगाला."

डॉक्टरांनी हात काढून घेतला आणि टेबल परत जागेवर ओढलं. "डावीकडून घेऊ," ते म्हणाले. "एरवी मी उजवीकडून घेतो. पण छातीचा फोटो काढू दे आधी. या वयात कूर्चा हाडासारखी टणक होत जाते. कापायला गेलं तर तुकडे होतात."

फोटोत सातव्या बरगडीवर पांढरे ठिपके दिसले, कडेला. मधला भाग चांगला होता. चार सेंटिमीटर पुरेसे होते. डॉक्टर पेन्सिलने कागदावर काढून सांगत होते. आतलं अस्तर तसंच ठेवायचं, त्याच्या मागे फुप्फुस असतं. शिवण्याआधी जखमेत पाणी भरायचं आणि बुडबुडे येतात का ते बघायचं.

"सायकलच्या ट्यूबसारखं?" मी विचारलं.

"अगदी तसंच."

"आणि हाड वाकतं का नंतर?" ओकबुनने विचारलं. "मी बघितलंय एक."

"वाकतं. म्हणून कोरल्यावर अर्धा तास पाण्यात भिजत ठेवतो. ज्या बाजूला वाकायचं त्या बाजूला तेव्हाच वाकू देतो, मग पुन्हा कोरतो. तरी शंभरात काही वाकतातच. खोटं सांगत नाही."

बाहेर आल्यावर ओकबुन म्हणाली, "आधी भिजवतात, ताई. आपल्यासारखंच." तिला तो डॉक्टर पटला तो तिथे. कामाला सुट्टी त्यांनी पूर्ण तीन महिन्यांची सांगितली. एक दिवस कमी नाही.

मालकीणबाईंनी ऐकून घेतलं. "नव्वद दिवस," त्या म्हणाल्या. "शनिवार-रविवारी मी इंचनवालीला बोलावते. बाकीचे दिवस तुझी ताई दोन्ही बाक बघेल. एक्याण्णवाव्या दिवशी तू उभी राहून पूर्ण अंग घासलंस तर बाक तुझा. नाहीतर इंचनवालीचा."

"पूर्ण अंग म्हणजे?"

"माझं."

चांद्र नववर्षाची गर्दी संपली आणि मार्चच्या पहिल्या सोमवारी ओकबुनने शस्त्रक्रिया करून घेतली. चार तास लागले. बुडबुडे आले नाहीत.

मी संध्याकाळी गेले तेव्हा तिच्या नाकावर पट्टी, डोळ्यांखाली निळं-पिवळं. "नाक दुखत नाही, ताई," ती तोंडातून बोलली. "नाक कुठे आहे तेसुद्धा कळत नाही. पण बरगडी! श्वास घेतला की कोणीतरी आतून चिमट्याने धरतं."

"मग श्वास घेऊ नकोस."

"हसवू नकोस!" तिने उशी छातीशी धरली आणि डोळ्यांतून पाणी आलं. तेव्हापासून मला तिच्या खोलीत थट्टा करायला बंदी होती. मला ते जमायचं नाही. मी दाराबाहेर उभी राहून थट्टा करायची.

तिची खोली गच्चीवर होती, चार मजले चढून. मी काम संपवून सूज उतरवायला भोपळ्याचा रस घेऊन जायची. ती गाद्यांच्या चळतीला टेकून अर्धवट बसून झोपायची. दहाव्या दिवशी कुशीवरून उठायला आलं. विसाव्या दिवशी तिने डावा हात वर करून दोरीवरचा टॉवेल काढला. पट्टी निघाली होती. नाक सुजलेलं, बटाट्यासारखं, पण सरळ. नाकपुड्या खाली वळल्या होत्या. उजव्या नाकपुडीतून हवा जात होती, थोडी. ती रोज एक कागदाचा कपटा नाकासमोर धरून बघायची. कपटा हलला की खूश.

मी दोन बाक बघत होते. दिवसाला चौदा, पंधरा. माझं मनगट त्या वसंतात जे बिघडलं ते अजून तसंच आहे. तक्रार नाही. काम तेवढंच होतं.

सव्विसाव्या दिवशी ओकबुनने चूक केली. बरगडीभोवतीची चामडी ताठ वाटत होती. ताठ झालेलं सुटत नसेल तर भिजवायचं, हे आम्ही एकोणीस-सव्वीस वर्षं लोकांना सांगत आलो. डॉक्टरांनी गरम पाणी, वाफ, सगळ्याला मनाई केली होती. ती मनाई नाकाला आहे, बरगडीला नाही, असं तिने ठरवलं. ती नदीपलीकडच्या एका अनोळखी न्हाणीघरात गेली आणि छातीपर्यंत पाण्यात चाळीस मिनिटं बसली. एक्केचाळीस अंशाचं पाणी. बरगडीला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नाक लाल होऊन ठणकत होतं.

तिने मला फोन केला. "ताई, लाल झालंय." एवढंच. आधीची दोन्ही नाकं अशीच लाल होऊन गेली होती.

डॉक्टर प्योंनी बघितलं.

"कोणी सांगितलं भिजायला?"

"कोणी नाही. आकसलेली चामडी भिजवल्याशिवाय सुटत नाही."

"भिजवल्यावर मळ सुटतो, बाई. आपल्याला टाके सुटायला नको आहेत."

"तुम्ही पण हाड भिजवलंत की."

"मी थंड पाण्यात भिजवलं!" ते ओरडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "चार दिवस सलाईनमधून औषध. उतरलं तर उतरलं. नाही उतरलं तर मला ते काढावं लागेल."

चार दिवस ती तासातासाला आरशात बघत होती. पाचव्या दिवशी लाली शेंड्यावरून मागे सरली. सहाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, राहील. पण आता सत्तराव्या दिवसापर्यंत हाताने कुठलाही जोर करायचा नाही. म्हणजे सरावाला उरले वीस दिवस.

सत्तर दिवस झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी मंगळवार होता, आमची सुट्टी. मी तिच्या गच्चीवर गेले. लाकडी चौथऱ्यावर आम्ही जाड दुलई भिजवून, गुंडाळून, माणसाएवढी बांधली. तिने मोजा चढवला. मी मोजायला बसले. चाळीस हात झाले आणि ती थांबली.

"काय झालं?"

"चिमटा."

"उजवीकडे?"

"डावीकडे."

मी तिला पुन्हा एक हात मारायला सांगितला. उजव्या हाताने ढकलताना कंबर वळते, आणि कंबर वळली की डावी बाजू ताणली जाते. तो विचार डॉक्टरांनी केला नव्हता. आम्हीही नाही. एवढी वर्षं काम करून अंग कसं वळतं ते आम्हाला माहीत नव्हतं.

"म्हणजे वळायचं नाही," ओकबुन म्हणाली.

"न वळता घासणार कशी?"

"चालून."

तिने करून दाखवलं. कंबर सरळ, बाकाला समोर. हात लांब टाकायचा नाही. हात जिथपर्यंत पोचतो तिथपर्यंत घासायचं, मग एक पाऊल सरकायचं. जोर टाचेतून वर आणायचा, मागचा पाय भिंतीला लावल्यासारखा. पहिल्या दिवशी दीडशे हात झाले. पाय थरथरत होते. पाय थरथरणं चालतं, पायातून कोणी काही कापून घेतलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दोनशे, आठवड्याने पाचशे. शेजारच्या गच्चीवरची म्हातारी कपडे वाळत घालताना म्हणाली, "त्या दुलईने काय पाप केलंय?"

ऐंशीव्या दिवशी नऊशे हात झाले, बत्तीस मिनिटांत. फार सावकाश. अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी एकोणतीस मिनिटं. मी सांगितलं, आणखी कमी होणार नाही, घाई केलीस तर वळशील.

एक्याण्णवाव्या दिवशी मालकीणबाई अर्धा तास पाण्यात बसून आल्या आणि ओकबुनच्या बाकावर उताण्या पडल्या. इंचनवाली माझ्या बाकाशी हात बांधून उभी होती. मी पाणी गरम करायचं निमित्त काढून तिथेच राहिले. भिंतीवर घड्याळ होतं.

ओकबुनने घमेलंभर पाणी ओतलं आणि सुरुवात केली. मान, खांदा, दंड. पाऊल. छाती, पोट. पाऊल. तोंड मिटलेलं होतं. इतक्या वर्षांत मी तिला तोंड मिटून काम करताना पहिल्यांदा बघत होते. श्वास नाकातून येत-जात होता, शिट्टीसारखा बारीक आवाज करत. कूस बदलायला दोन चापट्या. मालकीणबाई वळल्या. मळाच्या वळ्या पडत होत्या, करड्या, जाड. पाठीवर आली तेव्हा अठरा मिनिटं झाली होती. पाठ रुंद होती. ओकबुनने मागचा पाय टेकला आणि जोर लावला. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. मी तिची डावी बाजू बघत होते. ती वळली नाही.

चौथ्या कुशीसाठी तिने दोन चापट्या मारल्या. मालकीणबाई हलल्या नाहीत. पुन्हा दोन चापट्या. मग आम्हाला घोरण्याचा आवाज आला.

इंचनवालीने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. ओकबुनने त्यांना स्वतःच कुशीवर वळवलं, दोन्ही हातांनी, सत्तर किलोचं अंग, पाय रोवून, आणि उरलेली बाजू घासली. तीस मिनिटं. पाणी ओतल्यावर मालकीणबाई जाग्या झाल्या. त्यांनी एकेक पाय उचलून बघितला.

"डाव्या टाचेला राहिलंय," त्या म्हणाल्या.

ओकबुनने डावी टाच घासली. मालकीणबाई उठल्या, टॉवेल घेतला, इंचनवालीला म्हणाल्या, "तू शनिवारचीच ये," आणि गेल्या. ओकबुन बाकाच्या कडेवर बसली. मोजा काढला. पिळून पुन्हा चढवला. तिने पुढचं गिऱ्हाईक हाक मारून बोलावलं.

जूनमध्ये गिऱ्हाइकं कमी असतात. दिवसाला सहा-सात. तिला ते सोयीचं झालं. रोज एक वाढवत नेलं. पाऊल टाकून घासण्याने वेळ जास्त जायचा, पण संध्याकाळी तिच्या बरगड्या पूर्वीएवढ्या दुखत नव्हत्या, पोटऱ्या दुखायच्या. मीही तसं करून बघितलं. या वयात पावलं बदलत नाहीत. सोडून दिलं.

नाकाची सूज हळूहळू उतरत होती. शेंडा कडक, दबायचा नाही. उजवी नाकपुडी डावीपेक्षा किंचित लहान राहिली. दासोम भिजायला आली तेव्हा तिने ओकबुनचं नाक दोन्ही बाजूंनी बघितलं आणि म्हणाली, "मावशी, आपण दोघी बहिणी शोभतो." ओकबुनने तिला फुकट घासते म्हटलं. दासोम म्हणाली, नको, मला गुदगुल्या होतात, म्हणून तर मी कधी घासून घेत नाही.

पहिल्या पूर्ण महिन्याची कमाई हातात आली त्याच्या दुसऱ्या दिवशी, तिची कामाची पाळी नसताना, ओकबुन गिऱ्हाइकासारखी पुढच्या दाराने आली. काउंटरवर प्रवेशाचे पैसे दिले, घासण्याचे वीस हजार वोन वेगळे दिले, किल्ली मनगटात अडकवली आणि अर्धा तास पाण्यात बसली. डॉक्टरांनी आता परवानगी दिली होती. मग माझ्या बाकावर येऊन उताणी पडली.

"पैसे कशाला भरलेस? वेडी आहेस का?" मी म्हटलं.

"फुकट घासलंस तर हात हलका ठेवशील."

मी मोजा चढवला. उताणी, मग कूस. घडीतली रेघ अजून गुलाबी होती, तीन बोटं लांब, खड्डा नाही. तिथून मी हात तसाच नेला, जसा कोणाच्याही अंगावरून नेते. तिने दम रोखला नाही. दोन चापट्या मारल्या आणि ती पालथी झाली, सगळं वजन छातीवर. मी पाठीवर पूर्ण जोर लावला. बाक करकरला. तिने गाल रेक्झिनवर टेकवला आणि तोंड मिटून घेतलं.

"जोर कमी करू?"

"भरलेत पैसे," ती नाकातून म्हणाली. "पूर्ण घास."

एकोणीस वर्षं दुसऱ्यांची अंगं घासून तिने स्वतःच्या कमाईतून पहिल्यांदा स्वतःचं अंग घासून घेणं विकत घेतलं होतं. मी नऊशे हात मोजून घातले.